रविवारचा विसावा: घरकाम आणि बाजारहाट सांभाळून तो कसा पाळावा

वसई-विरारच्या कॅथलिक घरात सोमवार ते शनिवार लोकलच्या वेळापत्रकावर जातात. जे जे राहून जातं ते सगळं रविवारच्या गळ्यात पडतं: आठवड्याचे कपडे, दळण, जळमटं, प्लंबर, सोसायटीची मीटिंग, मुलांचं प्रोजेक्ट. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्यात कशीबशी बसते. रात्री पाठ टेकवताना कळतं, सुट्टी संपली आणि विसावा काही मिळाला नाही. प्रभूचा दिवस असा हातचा जाऊ देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तो राखता येतो, फक्त त्याची तयारी शुक्रवारपासून करावी लागते.

आधी नियम नीट समजून घ्या

पुष्कळांच्या मनात अजून जुना नियम आहे. १९१७च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, रविवारी अंगमेहनतीची कामं, कोर्टकचेरी आणि बाजार यांना मनाई होती. १९८३मध्ये आलेल्या आजच्या संहितेत निषिद्ध कामांची तशी यादी नाही. कलम १२४७ दोन गोष्टी सांगतं: मिस्सेत सहभागी व्हा, आणि देवाची उपासना, प्रभूच्या दिवसाचा आनंद व मन-शरीराचा विसावा यांच्या आड येणारी कामं टाळा. म्हणून भांडी घासली की पाप लागलं, असा हिशेब करू नका. प्रत्येक कामाला तीनच प्रश्न विचारा. यामुळे मिस्सा चुकते का? घरातला आनंद जातो का? कुणाचा विसावा मोडतो का?

गुरुवारी-शुक्रवारी कामं निवडा

एका कागदावर रविवारी होणारी सगळी कामं लिहा आणि कागद फ्रीजवर लावा. मग निवडायला बसा.

थांबू न शकणारी कामं बाजूला काढा: जेवण, तान्हं बाळ, आजारी माणूस, गोठ्यातली जनावरं. पाणी रविवारी सकाळीच येत असेल तर पिंप भरावंच लागेल. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच बाहेर काढणार नाही का, असं येशूनेच विचारलं आहे (लूक १४:५). आजाऱ्याची सेवा तर रविवारला शोभणारंच काम आहे, त्याबद्दल मनात अढी नको.

उरलेल्यांपैकी बहुतेक कामं शनिवारी किंवा आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी सरकतात. पंखे पुसणं, कपाट लावणं, बिलं भरणं यांना रविवारच हवा असतो असं नाही.

काही कामं मात्र माणसागणिक बदलतात. आठवडाभर ऑफिसात बसणाऱ्याला मोगऱ्याची छाटणी करताना बरं वाटतं. वाडी कसणाऱ्याला तेच काम म्हणजे आठवड्याचा सातवा कामाचा दिवस.

शनिवार हा खरा कामाचा दिवस

हा सल्ला बायबलइतका जुना आहे. निर्गम ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोक सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना (देवाने रानात दिलेलं अन्न) गोळा करतात, आणि भाजायचं ते भाजून, उकडायचं ते उकडून ठेवा असं त्यांना सांगितलं जातं. आपण तेच करायचं. शुक्रवारी रात्री मशीनला कपडे लावा, म्हणजे शनिवारी दिवसभर वाळतील. सोमवारचे युनिफॉर्म शनिवारीच इस्त्री करून हँगरला लावा. रविवारची संध्याकाळ सगळ्यात जास्त या इस्त्रीत जाते. दळण, वाणसामान, भाजी शनिवारीच आणा. आलं-लसणाचं वाटण करून ठेवा, नारळ खवून फ्रीजरला टाका, मटार सोलायला मुलांना बसवा. मिस्सेचे कपडे आणि दानाचे पैसे रात्रीच काढून ठेवले की सकाळी आरडाओरडा होत नाही.

शनिवारी ऑफिस असणाऱ्यांना हे सगळं जमणार नाही. त्यांनी दोनच गोष्टी धराव्या, कपडे आणि बाजार. तेवढ्यानेही रविवार मोकळा होतो.

मिस्सेची वेळ आधी ठरवा

बाकी दिवस मिस्सेभोवती बसवा. 'वेळ मिळाला तर संध्याकाळच्या मिस्सेला जाऊ' म्हटलं की दिवसभर मन टांगलेलं राहतं. शक्य असेल तिथे घरातल्या सगळ्यांनी एकाच मिस्सेला जावं. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. पण एरवी रविवार मोकळा असताना रविवारी सकाळी झोपता यावं म्हणून ती धरू नये, असं माझं मत आहे.

स्वयंपाकघराकडे बघा

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे रविवार म्हणजे चमचमीत जेवण. बाबा टीव्हीसमोर, मुलं मोबाइलवर, आणि आई मिस्सेहून आल्याबरोबर साडी न बदलताच गॅसपाशी. मटण, भात, सोलकढी, मग पाहुणे, मग चहा, मग भांडी. या घराने रविवार पाळला असं मी म्हणणार नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय उघडा, त्यात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे. तू विसावा घे एवढ्यावर ती आज्ञा थांबत नाही. तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला उपरा, सगळ्यांची नावं घेते. आईला त्यातून वगळायचा अधिकार कुणालाच नाही.

म्हणून एकच कालवण करा आणि ते शनिवारी करा. पोर्क विंदालू दुसऱ्या दिवशी मुरून जास्तच छान लागतं. रविवारी फक्त भात लावायचा आणि पाव आणायचे. भांडी पुरुषांनी आणि मुलांनी घासावी, पाळी ठरवून आणि न सांगता. पाहुणे येणार असतील तर त्यांनाही एक पदार्थ आणायला सांगा; जवळच्या माणसांना त्याचा राग येत नाही.

दुसऱ्याचाही रविवार असतो

आपल्यासाठी इतरांना विनाकारण राबवू नका, असं 'कॅथलिक धर्मशिक्षण' हा चर्चच्या शिकवणीचा ग्रंथ (परिच्छेद २१८७) स्पष्ट सांगतो. घरकामाला येणाऱ्या मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी द्या, त्या कोणत्याही धर्माच्या असोत. कोथिंबीर विसरली म्हणून ॲपवरून मागवण्याआधी, ती घेऊन जिने चढणाऱ्या पोराचा विचार करा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली, तीही कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी मांडला होता. विसावा सगळ्यांचा असतो हे या मातीत आधीच सांगून झालं आहे.

मोकळी झालेली दुपार

ती लगेच भरू नका. झोपा. उठल्यावर एखाद्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे जा, कबरस्तानात फुलं ठेवून या, मुलांना घेऊन समुद्रावर जा. ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोमवारपर्यंत म्यूट करा. रात्री जेवणाआधी एकत्र रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होत असेल तर उत्तमच.

रविवारी ड्यूटी असेल तर

नर्स, मोटरमन, पोलीस, हॉटेलात काम करणारे यांना हा लेख वाचून अपराधी वाटू नये. त्यांच्या कामावर इतरांचा जीव आणि त्यांचं स्वतःचं घर अवलंबून असतं. शनिवार संध्याकाळची मिस्सा मुख्यतः त्यांच्या उपयोगाची आहे. आठवड्याची सुट्टी बुधवारी असेल तर वरच्या सगळ्या गोष्टी बुधवारी करा: आदल्या दिवशी तयारी, घरात वाटणी, दुपारची झोप. आजारपणामुळे किंवा तान्ह्या बाळामुळे मिस्सा चुकली तर त्यात दोष नाही. पण ड्यूटीमुळे महिनोन्‌महिने चुकत असेल तर एकट्याने ठरवू नका. फादरांना भेटा आणि ड्यूटीचा चार्ट दाखवा. योग्य कारण असेल तर त्या कर्तव्यातून सूट देण्याचा किंवा त्याऐवजी दुसरं भक्तिकार्य सांगण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूंना आहे (कलम १२४५).