रक्त आणि रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या संशोधकाचे प्रकाशन कसे तपासावे?

पीएचडीसाठी मार्गदर्शक निवडायचा असो किंवा निवड समितीत बसायचे असो, समोर पहिल्यांदा येतो तो एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाच्या किती निबंधांना किमान तितकेच हवाले मिळाले, हे सांगणारा आकडा. तो सगळ्यात शेवटी पाहा. आधी शोधनिबंधांची यादी त्याच माणसाची आहे का, हे ठरवा.

सुरुवात ओरसिडपासून करा. हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक असतो आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत त्यावरूनही शोधता येते. मात्र ही सोय २०१२ पासूनची, त्यामुळे जुने काम नावावरूनच हुडकावे लागते. मराठी नावांची गोची इथेच होते. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर एका निबंधात असते, दुसऱ्यात गळते. लग्नानंतर आडनाव बदलते. ‘पाटील एस’ एवढेच टाकले तर दंतवैद्यापासून कर्करोगतज्ज्ञापर्यंत सगळे हजर होतात. नावासोबत संस्था, शहर आणि प्लेटलेट, थ्रॉम्बोसिस (रक्तवाहिनीत गुठळी होणे), एंडोथेलियम (रक्तवाहिनीचे आतले अस्तर) असा विषयाचा शब्द जोडा. हिमोफिलिया, हिमोस्टॅसिस (रक्तस्राव थांबणे) या शब्दांच्या ब्रिटिश स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त असतो, म्हणून दोन्ही स्पेलिंग वापरून पाहा.

मग गूगल स्कॉलरचे प्रोफाइल उघडा आणि पबमेडच्या यादीशी ताडून पाहा. स्कॉलरचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो, कारण तिथे प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञ-परीक्षणाआधीच खुले केलेले निबंध), पुस्तकातली प्रकरणे सगळेच मोजले जाते. शिवाय आपोआप भर पडण्याची सोय चालू ठेवली, तर नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे निबंधही घुसतात. रक्तविज्ञानात आणखी एक फुगवटा आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या वार्षिक अधिवेशनातले हजारो सारांश ‘ब्लड’ या नियतकालिकाच्या पुरवणीत छापले जातात. यादीत ते ‘ब्लड’मधल्या पूर्ण निबंधासारखेच दिसतात. अंकासमोर ‘पुरवणी’ असा उल्लेख असेल किंवा मजकूर एखाद्या पानातच संपत असेल, तर ती नोंद वेगळी काढा.

उरलेल्या यादीतले सर्वाधिक सायटेशन (इतर निबंधांनी दिलेले हवाले) असलेले दहा निबंध निवडा आणि प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: लेखकांच्या रांगेतली जागा आणि निबंधाचा प्रकार. जैववैद्यकात पहिला लेखक बहुधा प्रत्यक्ष काम करणारा, तर शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो. शंभर लेखकांच्या औषधचाचणीत मधोमध असलेले नाव आणि स्वतःच्या प्रयोगशाळेतला मूळ शोध यांना एका तराजूत तोलू नका. रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे निबंध) आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचना यांनाही भरपूर सायटेशन मिळतात. पद्धतीच्या निबंधांचे तर विचारूच नका. नाळेतल्या शिरेच्या एंडोथेलियल पेशी वाढवण्याची पद्धत जॅफी आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडली. त्या पेशी वापरणारे आजही तिचा हवाला देतात. उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे आहे. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या छोट्या टिपणात जो रक्तगट मांडला, तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून पाठ्यपुस्तकात गेला. एकदा असे झाले की तो शब्द वापरणारे अनेकजण मूळ टिपणाचा हवाला देतच नाहीत.

आता एच-इंडेक्स. हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेले हे माप हाताने काढून पाहण्यासारखे आहे. सायटेशन उतरत्या क्रमाने मांडा: ४८, ३०, १२, ६, ५, ३. पाचव्या निबंधाला किमान पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या निबंधाला ४८ ऐवजी ४,८०० मिळाले असते, तरी उत्तर तेच राहिले असते. हा आकडा वयाबरोबर वाढत जातो आणि कधी घटत नाही, त्यामुळे तिशीतल्या संशोधकाची तुलना साठीतल्याशी करणे निरर्थक. स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसवर स्वतःच्याच निबंधांचे हवाले वगळता येतात. तसे केल्यावर आकडा किती घसरतो ते पाहा.

‘जगातील आघाडीचे दोन टक्के शास्त्रज्ञ’ या सायटेशनवर आधारित यादीत नाव आल्याची बातमी आली, तर विचारा: पूर्ण कारकिर्दीची यादी की एकाच वर्षाची? शिवाय त्या यादीच्या विषय-वर्गीकरणात हृदय-रक्तवाहिन्या आणि रक्तविज्ञान एकाच उपविषयात मोडतात. हृदयरोगाच्या प्रचंड चाचण्यांसमोर दुर्मीळ रक्तस्रावी आजारांवर काम करणारा मागे पडणारच. निबंधनिहाय, क्षेत्रसापेक्ष माप हवे असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे आयसाइट हे साधन मोफत आहे. तिथे १ म्हणजे एनआयएच-अनुदानित निबंधांचा मध्यक.

निवडलेले दहाही निबंध रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या निबंधांच्या, डेटाबेसमध्ये तपासा. मागे घेतलेल्या निबंधाचे सायटेशन मोजणीतून आपोआप वजा होत नाहीत. आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून, कोणत्या तारखेला घेतला ते लिहा. नाहीतर स्कोपस आणि स्कॉलरच्या आकड्यांची सरमिसळ होते.