एडिटिंगसाठी मॅक की विंडोज? आधी मीडियाइन्फो उघडा

“एडिटिंगला मॅक घेऊ की विंडोज?” असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, फुटेज कोणत्या कोडेकमधलं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या कोणत्या पद्धतीतलं आहे? उत्तरात कॅमेऱ्याचं नाव येतं. ते पुरत नाही. मग त्या माणसाला आधीच मिळालेला सल्ला कळतो: “आय९ घे, बत्तीस जीबी रॅम टाक, मोठं ग्राफिक्स कार्ड लाव, डोळे झाकून चालेल.” हा गेम खेळणाऱ्यांचा सल्ला आहे. त्यावर लाख-दीड लाख घालून टाइमलाइनवर क्लिप अडकत बसलेली माणसं मी नेहमी बघतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. ब्रँड सगळ्यात शेवटी येतो.

पायरी १: सॉफ्टवेअर ठरवा

इथे फार विचार लागत नाही. फायनल कट प्रो हवं असेल तर मॅक, विषय संपला. लग्नाच्या धंद्यात असाल आणि एडियसवर हात बसला असेल, विकत घेतलेले टायटल प्रोजेक्ट त्यातच असतील, तर विंडोज, कारण एडियस फक्त तिथेच चालतं. प्रीमियर प्रो दोन्हीकडे चालतं, पण भाडं भरत राहावं लागतं. दाविंची रिझॉल्व्ह मॅक, विंडोज आणि लिनक्स तिन्हीवर आहे. त्याची फुकट आवृत्ती खरोखर फुकट आहे आणि ४के अल्ट्रा एचडीपर्यंत एक्स्पोर्ट करते. नव्याने शिकत असाल तर माझं मत रिझॉल्व्हला. लिनक्सवाल्यांना एक इशारा: तिथल्या फुकट रिझॉल्व्हमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ या कोडेकच्या फायली चालत नाहीत, म्हणजे मोबाइल आणि बहुतेक कॅमेऱ्यांचं फुटेज बादच. लिनक्सच हवं असेल तर केडेनलाइव्ह वापरा.

पायरी २: फुटेजची कुंडली काढा

सगळा घोळ इथे होतो. मलाही हा भाग समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. कॅमेऱ्याच्या कार्डातली मूळ क्लिप त्यात टाका. व्हॉट्सअॅपवरून आलेली क्लिप चालणार नाही, तिचं आधीच पाणी झालेलं असतं. चार गोष्टी लिहून घ्या: फॉरमॅट (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक, ८ की १०), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती राखली, ४:२:० की ४:२:२) आणि फ्रेम रेट मोड (फ्रेमचा वेग कायम म्हणजे कॉन्स्टंट की बदलता म्हणजे व्हेरिएबल).

हे का लागतं? एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक अख्खी फ्रेम असते आणि तिच्या आजूबाजूच्यांत फक्त काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून फाइल लहान होते. पण टाइमलाइनवर तुम्ही एक फ्रेम मागे गेलात की कॉम्प्युटरला आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं नव्याने उलगडावं लागतं. नुसता पिक्चर बघताना हे कळत नाही. एडिटिंगमध्ये आपण सतत मागेपुढे करतो, तीन-चार क्लिप एकावर एक ठेवतो, आणि तिथे मशीन धापा टाकतं.

हे उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या मुख्य कोअरवर पडलं तर आय९ सुद्धा रडतो. त्यासाठी चिपमध्ये वेगळं सर्किट असतं, त्याला हार्डवेअर डिकोडर म्हणू. हे सर्किट ठरावीक प्रकारच्याच फायली ओळखतं. ओळखीची फाइल असेल तर स्वस्त मशीन लोण्यासारखं चालतं, नसेल तर महागडंही अडतं. मॅक-विंडोजच्या वादात हाच मुद्दा कुणी बोलत नाही.

८-बिट ४:२:० असेल, म्हणजे साधं मोबाइलचं किंवा जुन्या डीएसएलआरचं फुटेज, तर निर्धास्त राहा. गेल्या काही वर्षांतलं जवळपास कुठलंही मशीन ते पेलतं. खरी अडचण १०-बिट ४:२:२ ची. सोनी, कॅनन, पॅनासॉनिकचे आजचे मिररलेस कॅमेरे ते देतात, आणि कलर करताना ताण सहन करतं म्हणून सगळे त्यातच शूट करतात. आता कोण काय ओळखतं ते बघा:

- अॅपलच्या एम१ (२०२०) पासूनच्या सगळ्या चिप एच.२६५ १०-बिट ४:२:२ उलगडतात, अगदी साध्या मॅकबुक एअरमध्येही.
- इंटेलच्या ११व्या पिढीपासून प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधल्या डिकोडरमध्ये, ज्याला क्विक सिंक म्हणतात त्यात, हे जमतं.
- एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ ची सोय थेट आरटीएक्स ५० मालिकेत, म्हणजे २०२५ मध्ये आली. आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेत, कितीही महाग कार्ड घ्या, ती नाही.
- एएमडीचा रायझन प्रोसेसर घ्यायचा असेल तर ४:२:२ साठी आरटीएक्स ५० चं किंवा इंटेल आर्कचं कार्ड सोबत धरूनच हिशेब करा.

आता दुकानदाराचं कोटेशन उघडा. त्यात आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ३०६० ही जोडी हमखास दिसते. नावाच्या शेवटचा तो ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर. म्हणजे क्विक सिंक गेलं. आणि ३०६० ला ४:२:२ येत नाही. गेम झकास चालतील, पण तुमच्या मिररलेसच्या क्लिपला वाली कुणी नाही! थोडे पैसे जास्त देऊन बिगर-एफ आय५-१२४०० घ्या. दुकानदार म्हणेल, “कार्ड आहे ना, मग आतलं ग्राफिक्स कशाला?” वाद घालू नका, बिगर-एफच मागा. मशीन घरी आलं की बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू आहे का तेही बघा. वेगळं कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड ते आपोआप बंद करतात.

अजून एक खाच आहे. एच.२६४ मधलं १०-बिट ४:२:२ बहुतेक इंटेल प्रोसेसरांच्या सर्किटला ओळखता येत नाही. आरटीएक्स ५० ला येतं. म्हणून इंटेलवर काम करत असाल आणि कॅमेऱ्यात दोन्ही पर्याय असतील (सोनीत एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५), तर एचएसवर शूट करून बघा. “एच.२६५ जड असतं” हे ऐकीव वाक्य इथे उलटं पडतं.

फ्रेम रेट व्हेरिएबल दिसला तर फुटेज मोबाइलचं किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगचं आहे. लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटायला लागतात ते यामुळे. नवं मशीन घेऊन हे बरं होत नाही. हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून क्लिप बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर टाका.

पायरी ३: स्वतःची क्लिप घेऊन दुकानात जा

बाहेरच्या एसएसडीवर तुमच्या मूळ क्लिप घेऊन जा आणि दुकानातल्या किंवा मित्राच्या मशीनवर चालवा. जाहिरातीतल्या आकड्यांवर विसंबू नका. तीन क्लिप एकावर एक ठेवा, उलट दिशेने चालवा, पटापट मागेपुढे करा. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जीपीयूचा ‘व्हिडिओ डिकोड’ हा आलेख बघा. तो हलतोय आणि सीपीयू शांत आहे, तर सर्किट कामाला लागलंय. तो शून्यावर आणि सीपीयू शंभराकडे, तर परत फिरा. रिझॉल्व्ह वापरणार असाल तर विंडोजवरची चाचणी तुम्ही जी आवृत्ती वापरणार त्याच आवृत्तीत करा. १०-बिट फायलींच्या बाबतीत फुकट आणि स्टुडिओ यांच्यात फरक पडतो. स्टुडिओ एकदाच पैसे भरून मिळतं, ते बजेटमध्ये धरा.

चाचणीत जुनंच मशीन पास झालं तर नवं घेऊच नका. नापास झालं तरी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल, बनवून बघा. प्रोरेझ (अॅपलचा एडिटिंगसाठीचा कोडेक) मधलं १०८०पी प्रॉक्सी सेकंदाला २५ फ्रेमला तासाला साधारण १७ जीबी घेतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. प्रॉक्सी म्हणजे कमीपणा असं मानणारे एडिटर मला कधी कळले नाहीत.

पायरी ४: मराठी टायटल टाइप करून बघा

‘विद्यार्थ्यांनी’ आणि ‘शुभाशीर्वाद’ हे शब्द टाइप करा. रफार नि वेलांटी जागेवर बसली का ते पाहा. प्रीमियरमध्ये फुटलेलं दिसलं तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे टेक्स्ट इंजिन निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षांचा मजकूर पडून असेल, तर मॅकवर उडी मारण्याआधी त्याचं काय करायचं ते ठरवा.

पायरी ५: आता घ्या

एकटे काम करता, फुटेज १०-बिट ४:२:२ आहे, एडियसची अट नाही: मॅक मिनी. २०२४ च्या शेवटी आलेला एम४ मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून, १६ जीबी मेमरीसह आला. त्या पैशात एवढं शांतपणे चालणारं विंडोज मशीन जुळवून दाखवा. जादा पैसे मेमरीत घाला, ती नंतर वाढत नाही. आतल्या स्टोरेजसाठी अॅपलला पैसे देऊ नका, बाहेरची एसएसडी लावा.

एडियस, थ्रीडी, किंवा दर दोन वर्षांनी एकेक भाग बदलायची सवय: विंडोज डेस्कटॉप, बिगर-एफ इंटेल, ३२ जीबी, जमलं तर आरटीएक्स ५० मधलं कार्ड. विंडोज लॅपटॉप नाइलाज असेल तरच. चार्जर काढला की बहुतेकांचा जोर ओसरतो, आणि मेमध्ये विदर्भात बसून तासभर एक्स्पोर्ट लावलात तर काय होतं ते विचारू नका.

उरलेलं

डिस्कचा हिशेब: १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं, ४के तासाला ४५ जीबी. दोन कॅमेऱ्यांचं चार-चार तासांचं लग्न ३६० जीबी, आणि बॅकअप धरला तर दुप्पट. काम एसएसडीवर, साठवण हार्ड डिस्कवर. मॅक आणि विंडोज दोन्हींवर फिरणारी डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये ठेवा, विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमधली डिस्क मॅकवर नुसती वाचता येते. डेस्कटॉपला यूपीएस लावाच. आणि काम हातात असताना रिझॉल्व्हचं अपडेट दाबू नका. नव्या आवृत्तीत उघडून बदललेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, आणि गिऱ्हाइकाला हे समजावता येत नाही.