झाड पाणीच पीत नव्हतं, मग काय केलं

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलांच्या हट्टापायी दर ख्रिसमसला खरं, कापलेलं झाड आणतो, फ्रेझर फर (सुयांसारख्या पानांचं), आणि पाणी भरलेल्या स्टँडमध्ये उभं करतो. यंदा स्टँडमधलं पाणी जिथल्या तिथे आणि सुया गळायला लागलेल्या. कसंय, कापलेलं खोड ६-८ तासांपेक्षा जास्त कोरडं राहिलं की मग पाणी नीट वर चढत नाही. दिवे-बिवे सगळं उतरवलं, नवऱ्याने झाड आडवं धरलं आणि मी करवतीने बुंध्याची साधारण इंचभर चकती सरळ कापून काढली (तिरकं कापायचं नाही, आणि स्टँडमध्ये बसत नाही म्हणून साल तर अजिबात तासायची नाही, पाणी ओढणारा भाग सालीलगतच असतो) आणि लगेच पाण्यात उभं केलं. संध्याकाळपर्यंत स्टँड रिकामा! बुंध्याच्या दर इंच व्यासामागे दिवसाला लिटरभर पाणी लागू शकतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ बघायचं, पातळी कापाच्या खाली गेली की परत तेच रामायण. साखर, ॲस्पिरिन वगैरे लोक सांगतात, काही गरज नाही, नळाचं साधं पाणी पुरतं. हीटरच्या झोतापासून मात्र झाड लांबच ठेवा आणि दिवे एलईडीच लावा.