अवघड जागेसाठी बहुवर्षायू झाड निवडताना
बागेतील अडचणीच्या कोपऱ्यासाठी झाड निवडण्यापूर्वी तिथे फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभेच असेल, तर ती जागा मोगऱ्याची नव्हे, कर्दळीची किंवा वेखंडाची आहे. काळ्या जमिनीत ही परीक्षा पावसाळ्यातच घ्यावी, कारण उन्हाळ्यात भेगाळलेल्या त्याच मातीत पाणी पाहता पाहता गडप होते आणि आपली फसगत होते. मुरमाड, तापणाऱ्या जागी कोरफड निर्धास्त लावावी. सर्वांत कठीण म्हणजे आंब्याखालची कोरडी सावली, कारण तिथे वरच्या थरात मुळांचे दाट जाळे असते आणि हलक्या सरी पानांतच अडतात. माझी शेवंती तिथे दोनदा गेली. स्नेक प्लांट मात्र टिकला. अशा ठिकाणी मोठे रोप घेण्याचा मोह टाळावा, कारण मूठभर मातीचे लहान रोप जाड मुळे न तोडता त्यांच्या फटीत बसते. लागवड पावसाच्या सुरुवातीला करून पुढचा एक उन्हाळा मात्र आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. काटक झाडालाही रुजेपर्यंत तेवढा आधार लागतो.