शाळेतली छपाईची खोली सुरक्षित कशी ठेवावी

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. टिनाखाली सारा उन्हाळा बंद राहिलेली छपाईची खोलीही तेव्हाच उघडते, आणि सगळ्यात जास्त जपायचं ते त्या पहिल्या दिवशी. नियमांची पाटी रंगवून घ्यायची हौस सगळ्याच शाळांना असते. त्याआधी खोली नीट लावून घ्या.

दारं-खिडक्या सताड उघडा आणि अर्धा तास कुणी आत जाऊ नका. एकही खटका दाबू नका. शाई पातळ करायच्या आणि पुसायच्या थिनरच्या डब्याचं झाकण सैल राहिलं असेल, तर त्याची वाफ आत कोंडलेली असते. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचते. खिडकीशी वास आला नाही म्हणून खोली मोकळी झाली, असं समजू नका. वारा दारातून फरशीवरून फिरला पाहिजे. मग कागदाचे गठ्ठे काठीने सरकवा, कारण विंचवाला ती जागा फार आवडते. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही बघा.

पुढचं काम खोलीबाहेर, अर्थिंगच्या खड्ड्याशी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्यात बादलीभर पाणी ओता, वायरमनकडून तपासून घ्या. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा खटका, बसवला नसेल, तर नवं मशीन घेण्याआधी तो बसवा.

आता थिनर. बऱ्याच थिनरमध्ये टोल्युइन असतं आणि ते साधारण ४ अंश सेल्सिअसलाही पेटण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो, म्हणजे डबा उघडला की वाफ आलीच. खोलीत फक्त त्या दिवसापुरतं थिनर लहान पत्र्याच्या डब्यात ठेवा. बाकीचं बाहेर, सावलीत, कुलपाच्या लोखंडी कपाटात. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नका, तहानलेलं पोट्टं बाटली पाहून थेट तोंडाला लावतं. चुकून प्यायलंच, तर उलटी करवू नका, १०८ ला फोन करा. शाईचे हात साबणाने धुवावेत, थिनरने नाही. आणि कापडी मास्कने वाफ अडत नाही, त्यावर भरवसा नको.

पुसायच्या चिंध्यांकडे कुणी लक्ष देत नाही. जवसाच्या तेलाच्या शाईने माखलेली चिंधी वाळताना हवेशी रासायनिक क्रिया होऊन तापते. एकटी पसरलेली असली तर उष्णता उडून जाते. कोपऱ्यात ढीग केला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि काडी न लावताही ढीग पेटू शकतो. म्हणून झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, चिंध्या त्यातच टाका आणि तो डबा संध्याकाळी आत राहू देऊ नका.

टेबल खिडकीजवळ आणि कुलर त्याच्या समोरच्या भिंतीला लावा. वारा मुलांच्या पाठीकडून येऊन वाफ खिडकीबाहेर नेईल. कुलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.

लाइन गेली की आधी मशीनचा खटका बंद करायचा, मग बाहेर यायचं. नाहीतर लाइन परत येते तेव्हा लॅमिनेशनचे रोलर आपोआप फिरू लागतात आणि त्यात ओढणी किंवा टाय अडकते. वर्गात येतानाच ओढणी मागे बांधायची आणि टाय काढून ठेवायचा.

हातकटरवर एका वेळी एकच जण. कापून झालं की पातं खाली, अडकवलेलं. पातं हातातून निसटलं तर पकडायला जाऊ नका, मागे सरा. हे एकदा सांगून पुरत नाही; पुठ्ठ्याचं पातं करून, ते पाडून दाखवा.

स्क्रीन म्हणजे छपाईची जाळी; तिच्यावर लावायच्या इमल्शनमध्ये, म्हणजे लेपात, डायक्रोमेट हे रसायन असेल तर तो लेप विकत घेऊच नका. डायक्रोमेट कर्करोगजनक आहे आणि कातडीला जखमा करतं. त्याऐवजी डायझो या दुसऱ्या रसायनाचं इमल्शन मिळतं. स्क्रीन धुतलेलं पाणी पोषण आहाराच्या परसबागेकडे जाता कामा नये. स्क्रीन ब्लीचने साफ करत असाल, तर त्यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

डोळ्यात काही उडालं तर सलग १५ मिनिटं पाण्याची धार सोडायची. उन्हाळ्यात टाकीच्या नळाला कढत पाणी येतं, म्हणून खोलीतच २० लिटरचा जार सावलीत, तोटीसकट ठेवा आणि त्यातलं पाणी वरचेवर बदला.

आग विझवायची एबीसी पावडरची नळकांडी दाराशी टांगा, मशीनमागे नको. तिचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असला पाहिजे. थिनरच्या आगीवर पाणी मारू नका, पेटतं थिनर पाण्यावर तरंगत पसरतं. आधी पोरं बाहेर, मग ज्वाळेच्या बुडाशी पावडर. पहिल्या झटक्यात विझली नाही तर दार लोटून स्वतःही बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.