कोल्हापूरची सहल: चप्पल, गूळ आणि काजवे यांबाबतीत या चुका टाळा

सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी जोतिबा, तासाभरात पन्हाळा आणि परतीच्या वाटेवर तांबडा-पांढरा रस्सा, असा एका दिवसाचा कार्यक्रम आखून येणारे पाहुणे कोल्हापूरला वाहनांची गर्दी आणि कचरा मात्र भरपूर देऊन जातात; गावातल्या माणसाच्या हाती त्यातून फारसे काही पडत नाही. शक्य असेल तर एक मुक्काम वाढवावा आणि तो पन्हाळ्यावर किंवा राधानगरीकडे एखाद्या घरगुती निवासात करावा. अशा घरी जेवण वेळेवर मिळत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे कारण बहुधा एवढेच असते, की आपण किती जण येणार हे सकाळीच कळवलेले नसते. घरच्या चुलीवर वीस भाकऱ्या आयत्या वेळी होत नाहीत.

सर्वांत मोठी चूक चपलांच्या खरेदीत होते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून आहे. त्यामुळे कर्नाटकात बनलेला जोड म्हणजे नकली, हा समज सोडून द्यावा. नकली असते ती रेक्झिनची, डिंकाने चिकटवलेली चप्पल. अस्सल जोडाचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते, शिलाई खिळ्यांनी नव्हे तर चामड्याच्या वादीने केलेली असते आणि वरची वेणी हाताने, पुष्कळदा घरातील स्त्रियांनी, विणलेली असते. एवढे काम समोर दिसत असताना किंमत निम्म्यावर आणण्याचा हट्ट धरला, की त्याचा भार दुकानदारावर नव्हे, कारागिराच्या मजुरीवर पडतो. नवा जोड पाय चावतो म्हणून तो टाकून देणारेही आहेत. त्याला काही दिवस रात्री तेल लावून ठेवावे आणि आरंभी घरातच थोडा थोडा वेळ घालून पाहावा. कातडे पायाच्या आकाराने बसते. पावसात तो वापरू नये आणि भिजलाच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा, नाहीतर कातडे कडक होऊन तडकते.

गुळाच्या बाबतीत चूक रंगाची आहे. पिवळाधमक गूळ चांगला, असे मानणाऱ्या गिऱ्हाइकांमुळेच रस उजळ करण्यासाठी रसायने घालण्याची पद्धत वाढली. तपकिरी ढेप मागावी, आणि ऊसतोडीच्या हंगामात आला असाल तर गुऱ्हाळावर जाऊन काकवी चाखून, पाहून, तिथेच विकत घ्यावी.

राधानगरी अभयारण्य 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, पण वर्दळ वाढते ती पावसाच्या तोंडावर, काजव्यांसाठी. काजव्यांचे लुकलुकणे हा नर-मादीमधला संकेत असतो. गाडीचे दिवे, मोबाईलची विजेरी आणि फ्लॅश यांच्या उजेडात तो हरवतो. मोबाईलवर छायाचित्र नीट येत नाही ही अडचण फ्लॅशने सुटत नाही, तेव्हा तो प्रयत्नच सोडून द्यावा. गाडी दूर उभी करून दिवे बंद करावेत, अंधाराला डोळे सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे शांत थांबावे आणि वाट दाखवायला गावातलाच वाटाड्या ठरलेले मानधन देऊन घ्यावा. काजवे बाटलीत भरून मुलांना दाखवणारे पालकही भेटतात, याचे वाईट वाटते.

राधानगरीचे धरण भोगावतीवर आहे आणि भोगावती पुढे पंचगंगेला मिळते. म्हणजे धरणाच्या काठी टाकलेली बाटली आणि पंचगंगा घाटावर सोडलेले निर्माल्य एकाच पाण्यात जाते, आणि ते पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत पोहोचते. त्यामुळे पाण्याची बाटली घरून आणावी, आणि डोंगरावर कचराकुंडी सापडली नाही, तर पिशवी गाडीतच ठेवून शहरात येईपर्यंत सांभाळावी.