जुन्या मर्सिडीजच्या पट्टीवरचे आकडे कसे वाचायचे

जुनी गाडी गॅरेजला लावली की पहिला हात रंगाला लागतो आणि तिथेच घोटाळा होतो. बॉनेट उघडल्यावर रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर दिसणाऱ्या छोट्या पट्टीत गाडीची जन्मपत्रिका असते. डेंटिंगवाला तिच्यावरूनच स्प्रे मारतो, किंवा पत्रा बदलताना ती भंगारात जाते. म्हणून पट्टी आधी वाचायची, पॉलिश पेपर नंतर. इथे उदाहरण घेतलंय १९७६ ते १९८६ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या डब्ल्यू १२३ मालिकेचं.

किनाऱ्यावरच्या गाडीत पट्टी सहसा धड वाचता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लोखंडी रिव्हेटने बसवली असेल तर खाऱ्या दमट हवेत दोन धातूंच्या सांध्यावर पांढरी भुकटी धरते आणि कडेचे आकडे खाल्ले जातात. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि गंज काढायचं अ‍ॅसिड, तिन्ही वर्ज्य. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि जुना मऊ टूथब्रश पुरे. वर रंग बसला असेल तर थिनर कापसाच्या बोळ्यावर घेऊन फक्त उठावाच्या आकड्यांवरून हलक्या हाताने फिरवा. छापील शाईवर थिनर लागला की ती पुसली गेलीच म्हणून समजा. अंधारात टॉर्च पट्टीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि फोटो काढा. उजेडात न दिसणारे आकडे सावलीमुळे उठून दिसतात.

पट्टीवरचा चेसिस नंबर दुसऱ्या जागीही असतो: इंजिनच्या मागच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, तो ठोकलेला असतो. खरा चेसिस नंबर तोच. पातळ कागद लावून मऊ पेन्सिलीने घासा, म्हणजे आरटीओला देतो तसा पेन्सिल प्रिंट मिळेल. पट्टी, फायरवॉल आणि आरसी बुक या तिन्ही ठिकाणी नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. आरसीत आठाचा तीन झाल्याची किंवा शून्य गळल्याची उदाहरणं असतात. ती चूक आरटीओत अर्ज करूनच दुरुस्त करायची. फायरवॉलवर पंच घेऊन आपणच आकडा 'सुधारायचा' नाही, तो गुन्हा ठरतो.

आता नंबर फोडू. सतरा अक्षरी नंबर 'डब्ल्यूडीबी'ने सुरू होतो, तो कंपनीचा. पुढचे सहा आकडे मॉडेल सांगतात: १२३१२३ म्हणजे २४०डी, १२३१३० म्हणजे ३००डी, १२३२२३ म्हणजे २३०ई. दहाव्या जागी १ असेल तर स्टिअरिंग डावीकडे, २ असेल तर उजवीकडे. अकरावं अक्षर कारखान्याचं: ए आणि बी झिंडेलफिंगेनचं, एफ ब्रेमेनचं. उरलेले सहा आकडे अनुक्रमांक.

सगळ्यात जास्त फसगत दहाव्या जागेवर होते. फुकटचे ऑनलाइन डीकोडर ते अक्षर वर्षाचं समजतात आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला बिनदिक्कत २००२ साल चिकटवतात. युरोपीय पद्धतीच्या या नंबरात वर्ष नसतंच. ते सर्व्हिस बुकातल्या डेटा कार्डवर, म्हणजे कारखान्याने दिलेल्या गाडीच्या माहितीच्या कार्डवर, शोधा. कार्ड गेलं असेल तर सीटबेल्टच्या शिवलेल्या लेबलवर बेल्ट बनल्याची तारीख असते, तिच्यावरून अंदाज बांधता येतो. मात्र चारही बेल्ट बघा, एखादा बदललेला असू शकतो. दहावा आकडा १ आणि स्टिअरिंग मात्र उजवीकडे, असं दिसलं तर ते मागाहून फिरवलंय. डॅशबोर्डखाली फायरवॉलवर वेल्डिंगचे ठिगळ शोधा. अशी गाडी घेताना भाव निम्म्यावर आणायला अजिबात संकोचू नका.

इंजिनचा नंबर ब्लॉकवर वेगळा असतो. २४०डीचा ६१६.९१२ ने सुरू व्हायला हवा. आपल्याकडे हे तपासायला खास कारण आहे: हेच ओएम ६१६ डिझेल इंजिनाचं घराणं बजाज टेम्पोने परवान्यावर भारतात बनवलं आणि ते ट्रॅक्स या आपल्या गाडीत बसवलं. कोकणातल्या प्रत्येक घाटात ट्रॅक्स धावल्या, त्यामुळे सुटे भाग आणि मिस्त्री दोन्ही मिळतात आणि मूळ इंजिन निकामी झालं की ट्रॅक्सचं टाकणं सोपं पडतं. गाडी उत्तम चालते, पण ती मूळ राहत नाही. इंजिन बदलल्याची नोंद आरसीत आहे ना, हे आधी पाहा.

रंगाचा कोड तीन आकडी. ०४० काळा, ६२३ फिकट हस्तिदंती, ९०४ गडद निळा, ७३५ अ‍ॅस्ट्रल सिल्व्हर. आकड्यामागे जी किंवा एच असं अक्षर असेल तर ते रंग पुरवणाऱ्या कंपनीचं असतं, शेडचा भाग नव्हे. रंगवाल्याला ते सांगून गोंधळात पाडू नका. खात्रीसाठी डिकीतल्या अस्तराखाली किंवा दाराच्या पॅडमागे उन्हाने न विटलेला मूळ रंग पाहा. आरसीतल्या रंगाहून वेगळा रंग मारायचा असेल तर नोंद बदलून घ्या.

आतल्या सजावटीचा कोड डेटा कार्डवर असतो. पहिला आकडा ० म्हणजे कापड, १ म्हणजे एमबी-टेक्स (कंपनीचं कृत्रिम चामडं), २ म्हणजे चामडं, ९ म्हणजे वेलूर (मखमली कापड). कार्डावर १ असेल तर 'भारी दिसतं' म्हणून चामडं घालू नका. एमबी-टेक्स ओल्या फडक्याने पुसलं की झालं. आपल्या पावसाळ्यात चामड्यावर आठवड्यात बुरशी धरते.

ऑप्शनचे कोडही तीन आकडी: ४३० मागच्या सीटचे हेडरेस्ट, ४४० क्रूझ कंट्रोल, ४६६ सेंट्रल लॉकिंग, ४७० एबीएस, ५८० एसी, ५८४ चारही विजेच्या काचा, ५९० हिरवट उष्णतारोधक काच. ४१२, म्हणजे विजेचं सनरूफ, दिसलं तर मृगाच्या आत चारही कोपऱ्यांच्या निचऱ्याच्या नळ्या साफ करा. त्या तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि फरशीचा पत्रा खालून नाही, वरून सडतो. पट्टीवर सगळेच कोड असतात असं नाही. पूर्ण यादी डेटा कार्डवर. शिवाय एकच आकडा दुसऱ्या मॉडेलमध्ये वेगळ्या वस्तूचा असू शकतो, म्हणून यादी आपल्याच मॉडेलची आणि सालाची घ्या.

कोड आहे पण वस्तू नाही, किंवा उलट, अशी दोन रकान्यांची वही करा. मूळ वस्तूंवर आधी पैसे घाला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की व्हिंटेज नोंदणीचा अर्ज करता येतो. त्यात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. रंगाचं काम सुरू होण्याआधी पट्टी काढून फोटो आणि पेन्सिल प्रिंटसकट घरी ठेवा, आणि परत लावताना अ‍ॅल्युमिनियमचेच रिव्हेट वापरून मागे मेणाचा पातळ थर द्या.